नव्या दरवाजातला खटला

इ.स.पू. ६०९ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात लोकांनी एका माणसाला घेरलं आणि याला जिवंत सोडू नका अशी मागणी केली. त्याचं नाव यिर्मया. शहरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर अनाथोथ नावाचं गाव होतं, तिथल्या पुरोहित घराण्यातला तो. त्याने कोणाच्या अंगाला हात लावला नव्हता की देवळातली वस्तू पळवली नव्हती. यहूदा राज्याच्या गावोगावाहून पूजेला आलेल्या लोकांपुढे उभं राहून तो बोलला होता, एवढाच त्याचा गुन्हा. तुम्ही चोऱ्या करता, खोट्या शपथा घेता, परदेशी माणसाला, अनाथाला आणि विधवेला नाडता आणि मग इथे येऊन आपण सुखरूप आहोत असं समजता, असं त्याने सुनावलं. शिलो गावातही एके काळी याच देवाचं ठाणं होतं, तिथे आता काय उरलंय ते जाऊन पाहा, वागणं सुधारलं नाहीत तर या मंदिराचीही तीच गत होईल, असं तो म्हणाला.

लोक का खवळले हे समजायला ९० वर्षं मागे जावं लागतं. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला होता. त्याच्याच शिलालेखात ४६ तटबंदीची शहरं घेतल्याची नोंद आहे. लाखीश शहराच्या पाडावाची दृश्यं त्याने निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर कोरून घेतली. ते दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतात. यरुशलेम मात्र पडलं नाही. बायबल त्याचं श्रेय देवदूताला देतं आणि अश्शूरचा लेख हिज्कीया राजाने भरलेल्या जबर खंडणीची यादी देतो, पण शहर उभं राहिलं याबद्दल दोघांचंही दुमत नाही. त्यानंतरच्या तीन पिढ्या हीच गोष्ट ऐकत वाढल्या. देवाचं घर इथे आहे तोवर या शहराला धक्का लागणार नाही, ही त्यांची श्रद्धा अशी अनुभवातून आलेली होती. यिर्मयाने त्या श्रद्धेलाच हात घातला होता.

राजवाड्यातून अधिकारी धावत आले आणि मंदिराच्या नव्या दरवाजात बसले. त्या काळी न्यायनिवाडा वेशीतच होत असे. पुरोहितांनी आणि इतर संदेष्ट्यांनी मृत्युदंड मागितला. यिर्मयाने एक शब्दही मागे घेतला नाही. मला देवाने पाठवलंय, तुम्ही वागणं बदललंत तर देवही आपला बेत बदलेल, मी तुमच्या हाती आहे, हवं ते करा, पण मला माराल तर निरपराध माणसाचं रक्त या शहराच्या माथी येईल, असं तो म्हणाला. तेव्हा गावोगावचे काही वडीलधारे उठले आणि त्यांनी एक जुना दाखला दिला. हिज्कीयाच्या काळात मोरेशेथ गावचा मीखा असाच उभा राहिला होता. सियोनचं शेत होईल, त्यावर नांगर फिरेल, यरुशलेमचा ढिगारा होईल, असं तोही बोलला होता. हिज्कीयाने त्याला मारलं का? उलट तो देवाला भ्याला, त्याने विनवणी केली आणि येणारं संकट टळलं.

हा युक्तिवाद थांबून पाहण्यासारखा आहे. मीखाने सांगितलेलं घडलं नव्हतं. शहराचा ढिगारा झाला नव्हता, मंदिरावर नांगर फिरला नव्हता. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथात खोटा संदेष्टा ओळखायची खूण दिली आहे : ज्याचं बोलणं खरं होत नाही तो देवाने पाठवलेला नव्हे. ती कसोटी जशीच्या तशी लावली तर मीखा खोटा ठरतो. पण वेशीत बसलेल्यांपैकी एकालाही तसं वाटलं नाही. घडलं नाही म्हणूनच मीखाचा इशारा लागू पडला, असं त्या म्हाताऱ्यांनी गृहीत धरलं आणि समोरच्यांनी ते मान्य केलं. दैवी कोपाचे इशारे हा धर्मांच्या इतिहासातला सगळ्यात गैरसमज झालेला भाग आहे असं मला वाटतं, आणि त्या गैरसमजाचं मूळ इथेच आहे. आपण या माणसांना भविष्यवेत्ते समजतो आणि किती भाकितं खरी ठरली ते मोजत बसतो. त्यांना स्वतःला मात्र आपलं बोलणं फोल ठरायला हवं होतं.

एवढी सुंदर बाजू मांडूनही यिर्मया वाचला तो शाफानचा मुलगा अहीकाम या वजनदार दरबाऱ्याने पाठीशी हात ठेवला म्हणून. त्याच प्रकरणात उरीया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याची हकिकत चार वाक्यांत येते. तोही हेच बोलला. जिवाच्या भीतीने मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळाला. राजा यहोयाकीमाने माणसं पाठवून त्याला तिथून पकडून आणलं, तलवारीने मारलं आणि प्रेत सामान्य लोकांच्या दफनभूमीत फेकून दिलं. उरीयाच्या तोंडचं एकही वचन आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

देवाच्या नावाने राजाला बजावणारी माणसं इस्राएलात पहिल्यांदा झाली असं नाही. सीरियात फुरात नदीकाठी मारी या प्राचीन शहराचं उत्खनन १९३३ मध्ये सुरू झालं. तिथे मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. इ.स.पू. अठराव्या शतकातला राजा झिम्रीलीम याला आलेली पत्रं त्यांत आहेत आणि त्यातल्या काही पत्रांत देवाचा संचार झालेल्या स्त्री-पुरुषांचे निरोप आहेत. निरोपासोबत त्या व्यक्तीचे केस आणि वस्त्राच्या काठाचा तुकडा पाठवायची रीत होती, म्हणजे निरोप खरा की खोटा याची शहानिशा दरबाराला वेगळा कौल लावून करता येई. हलब शहराचा देव अदद याने झिम्रीलीमला कळवलं होतं की अन्याय झालेला कोणी तुझ्यापाशी दाद मागायला आला तर त्याचा निवाडा कर. जॉर्डनच्या खोऱ्यात देर अल्ला येथे १९६७ मध्ये गिलाव्यावर शाईने लिहिलेला एक मजकूर सापडला. तो साधारण इ.स.पू. ८०० चा आहे. त्यात बलाम नावाचा द्रष्टा रात्री देवांची सभा पाहतो, जगावर अंधार पसरवायचा त्यांचा बेत ऐकतो आणि सकाळी उठून रडतो, उपास धरतो आणि लोकांना सांगतो. तेव्हा ही परंपरा त्या साऱ्या प्रदेशाची होती. इस्राएलात तिला जे वळण मिळालं ते वेगळं आहे. राजाच्या कानात सांगायचा निरोप तिथे चव्हाट्यावर आला आणि आरोपी म्हणून सबंध समाज उभा राहिला.

हे वळण आपल्याला पहिल्यांदा स्पष्ट दिसतं ते आमोसाच्या ग्रंथात. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. बेथलेहेमच्या दक्षिणेला तकोवा गावचा हा मेंढपाळ उंबराच्या जातीच्या झाडांची निगाही राखायचा. तो उत्तरेच्या इस्राएल राज्यात गेला आणि बेथेलच्या राजमान्य देवळात बोलू लागला. त्याच्या ग्रंथाच्या सुरुवातीची रचना विलक्षण आहे. आधी तो दिमिष्काचे अपराध सांगतो, मग गाझाचे, सोरचे, अदोमचे, अम्मोनचे, मवाबचे. एकेका शेजाऱ्याच्या नावाने देवाचा अग्नी येतो. ऐकणारे माना डोलवत असणार. मग तो यहूदाचं नाव घेतो आणि शेवटी ऐकणाऱ्यांच्या स्वतःच्या दाराशी येऊन थांबतो. शेजाऱ्यांवरचे आरोप दोन-दोन, तीन-तीन ओळींचे होते. घरच्यांवरचा आरोप संपता संपत नाही. जोड्याच्या जोडीएवढ्या कर्जापायी गरिबाला विकलं. लहान मापाने धान्य दिलं आणि जड वजनाने चांदी घेतली. गव्हाबरोबर भूस विकलं. वेशीतल्या न्यायाधीशांना लाच चारली. गहाण म्हणून घेतलेली गरिबाची पांघरुणं अंथरून वेदीशेजारी लोळले.

त्या पांघरुणाची गोष्ट निव्वळ वक्तृत्वाची नव्हती. १९६० मध्ये आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावर एका जुन्या किल्ल्याच्या दरवाजाशी शाईने लिहिलेलं खापर सापडलं. ते आमोसानंतर शंभर-सव्वाशे वर्षांचं, म्हणजे यिर्मयाच्या काळातलं आहे. कापणीला आलेल्या एका मजुराने किल्लेदाराला दिलेला तो अर्ज आहे. माझ्या वाटणीचं पीक मी वेळेत कापून कोठारात घातलं, तरी होशयाहू नावाच्या मुकादमाने माझं वस्त्र काढून घेतलं, माझ्याबरोबरचे कापणीवाले साक्ष देतील, ते मला परत मिळवून द्या, असं तो पुन्हा पुन्हा विनवतो. दिवसा अंगावर घ्यायचं आणि रात्री पांघरायचं ते एकच वस्त्र. जगबुडीची भाषा बोलणारे हे संदेष्टे ज्या गोष्टींवरून पेटत होते त्या इतक्या लहान, इतक्या रोजच्या होत्या. माझ्या दृष्टीने या परंपरेचा सगळा मोठेपणा या प्रमाणात आहे : एका मजुराचं पांघरूण हिरावलं जातं आणि आकाशातल्या न्यायालयात राज्याचा निकाल लागतो.

न्यायालय हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. या वाणीची घडण खटल्याची असते. आधी आरोपपत्र, मग ‘म्हणून’ आणि मग शिक्षा. मीखा तर डोंगरांना आणि पृथ्वीच्या पायांना साक्षीला बोलावतो. दुसरी घडण अंत्ययात्रेची. मेलेल्या माणसामागे बायका जो आक्रोश करायच्या तोच आमोस जिवंत, खात्यापित्या, हस्तिदंती पलंगांवर पहुडलेल्या लोकांसाठी करतो. हस्तिदंताच्या त्या कोरीव पट्ट्याही राजधानी शोमरोनच्या उत्खननात मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. बेथेलचा मुख्य पुजारी अमस्या याने राजाला कळवलं की हा माणूस फितुरी करतोय, आणि आमोसाला सांगितलं की तू यहूदात जा, तिथे बोल आणि तिथेच पोट भर. आमोसाने उत्तर दिलं की संदेष्टेपण हा माझा धंदा नाही, गुरांमागे जाताना मला देवाने उचललं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन घेतलं आणि उत्तरेचं राज्य संपलं.

आता पुन्हा यिर्मयाकडे वळू. कारण इशारा देणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं जातं याची इतकी तपशीलवार नोंद प्राचीन जगात क्वचितच दिसते.

मंदिरातल्या प्रसंगानंतर त्याला तिथे पाऊल टाकायची बंदी झाली. इ.स.पू. ६०५ मध्ये कर्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने मिसरी फौज मोडली आणि उत्तरेकडून येणारं संकट कोण हे उघड झालं. यिर्मयाने बारूख या लेखनिकाला बसवून आपली तेव्हापर्यंतची सगळी वाणी तोंडी सांगितली आणि ती गुंडाळीवर उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नवव्या महिन्यात सर्वांसाठी उपास जाहीर झाला तेव्हा बारूखने मंदिरात शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या दालनात ती मोठ्याने वाचली. गमऱ्याच्या मुलाने ती ऐकली आणि धावत जाऊन चिटणिसांच्या दालनात बसलेल्या अधिकाऱ्यांना सांगितली. त्यांनी बारूखला बोलावून पुन्हा वाचायला लावली. ऐकून ते एकमेकांकडे घाबरून बघू लागले. हे राजाला सांगणं भाग आहे, पण तू आणि यिर्मया आधी लपा, असं त्यांनी बारूखला सांगितलं. या अधिकाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी कर्तव्यही केलं आणि माणसंही वाचवली.

राजा यहोयाकीम हिवाळी महालात बसला होता, पुढे शेगडी पेटलेली. यहूदी नावाचा सेवक वाचू लागला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. गमऱ्यासह तिघांनी नको म्हणून विनवलं. राजाने ऐकलं नाही. सबंध गुंडाळी अशी तुकड्या-तुकड्याने जळली. त्याचा बाप योशीया याच्यासमोर एकदा मंदिरात सापडलेलं नियमशास्त्र वाचलं गेलं तेव्हा त्याने भीतीने आपली वस्त्रं फाडली होती. मुलाने ग्रंथ कापला. हाच तो राजा, ज्याच्याबद्दल यिर्मयाने म्हटलं होतं की हा मजुरांना वेतन न देता गंधसरूच्या लाकडाचे महाल बांधतो.

बाबेलच्या एका इतिवृत्ताची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, डी. जे. वाइजमन यांनी ती १९५६ मध्ये प्रकाशित केली. त्यात नोंद आहे की नबुखद्नेस्सराने इ.स.पू. ६०४ च्या किस्लेव महिन्यात अश्कलोन शहर घेऊन त्याचा ढिगारा केला. किस्लेव म्हणजेच नववा महिना. यरुशलेमपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर समुद्रकाठचं एक शहर जळत होतं त्याच महिन्यात राजा शेगडीपुढे बसून इशारा जाळत होता. उपास कशासाठी जाहीर झाला असेल याचा अंदाजही या नोंदीवरून बांधता येतो.

यिर्मयाने बारूखला पुन्हा बसवलं, सगळा मजकूर पुन्हा सांगितला आणि त्यात भरही घातली. गमऱ्याचं दालन, अधिकारी आणि शेगडी ही कथा कोणी नंतर रचली असेल का, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. १९८२ मध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात यरुशलेमच्या दावीदनगरातल्या एका घरात मातीच्या ५१ मुद्रा सापडल्या. कागदपत्रं बांधून त्यांच्या दोरीवर ओल्या मातीचा गोळा दाबायचा आणि त्यावर शिक्का उठवायचा, अशी ती पद्धत. त्यातल्या एकीवर ‘गमऱ्याहू, शाफानचा पुत्र’ अशी अक्षरं आहेत. कागदपत्रं पुढे शहर पेटलं तेव्हा जळून गेली, पण त्याच आगीत माती भाजून निघाली आणि म्हणून नाव टिकलं. बारूखच्या नावाचीही एक मुद्रा बरीच गाजली, पण ती उत्खननातून आलेली नव्हे, प्राचीन वस्तूंच्या बाजारातून आलेली आहे आणि ती बनावट असल्याचं मत तज्ज्ञांनी मांडलं आहे; तिच्यावर काही उभारू नये.

इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमने शरणागती पत्करली. गादीवर नुकताच आलेला तरुण राजा, कारागीर, सैनिक आणि दरबारी असे हजारो लोक बाबेलला नेले गेले आणि सिद्कीया गादीवर बसवला गेला. यानंतर यिर्मयाचा सामना झाला तो हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याशी. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता : बाबेलचं जू पत्करा म्हणजे जगाल. हनन्याने मंदिरात सर्वांदेखत जाहीर केलं की दोन वर्षांत हे जू मोडेल आणि नेलेली भांडी आणि माणसं परत येतील. यिर्मयाचं पहिलं उत्तर होतं, आमेन, देव तसंच करो. त्याला मनापासून तेच हवं होतं. मग तो म्हणाला, आपल्या आधीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, दुष्काळ आणि रोगराईचे इशारे दिले; जो शांतीचं भाकीत करतो त्याचं खरेपण मात्र ते घडल्यावरच कळतं. हनन्याने त्याच्या मानेवरचं जू ओढून मोडून टाकलं. यिर्मया काही न बोलता निघून गेला. लोखंडी जू येणार हे उत्तर त्याला नंतर मिळालं.

वाईटाचा इशारा आणि चांगल्याचं आश्वासन यांना त्याने वेगळी कसोटी लावली ती का, हे कुंभाराच्या घरच्या प्रसंगात दिसतं. चाकावरचं भांडं बिघडलं तर कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो. एखाद्या राष्ट्राला मी उपटून टाकीन म्हटलं आणि ते वळलं तर मीही माझा बेत सोडतो, असं देव तिथे सांगतो. इशाऱ्याला अशी पळवाट आधीपासून ठेवलेली असते. सगळं ठीक होईल असं सांगणाऱ्याने ऐकणाऱ्याला काही करायला सांगितलेलंच नसतं.

सिद्कीयाने बंड केलं आणि बाबेलच्या फौजा परत आल्या. वेढ्याच्या दिवसांतली एक घटना मला साऱ्या ग्रंथात सर्वांत भयंकर वाटते. शहर अडचणीत आल्यावर राजाने आणि श्रीमंतांनी मंदिरात करार करून आपापल्या घरच्या इब्री दास-दासींना मुक्त केलं. थोड्याच दिवसांत मिसरची फौज निघाल्याची बातमी आली आणि बाबेलने वेढा उठवला. धोका टळला असं वाटताच त्या सगळ्यांनी सोडलेल्या माणसांना धरून आणून पुन्हा दास केलं. भीतीने आलेलं शहाणपण भीती ओसरताच गेलं. यिर्मयाने तेव्हा सांगितलं की तुम्ही जशी त्यांना मोकळीक दिलीत तशी देव आता तलवारीला, रोगाला आणि उपासमारीला मोकळीक देतो आहे. फौजा परतल्या.

लाखीशच्या ढिगाऱ्यात १९३५ मध्ये जे. एल. स्टार्की यांना याच दिवसांतली खापरावरची पत्रं मिळाली. एका चौकीवरचा अधिकारी लिहितो की आम्ही लाखीशच्या खुणेच्या जाळाकडे डोळे लावून बसलो आहोत, कारण अजेका शहर दिसत नाही. दुसऱ्या एका पत्रात संदेष्ट्याकडून आलेल्या सावधगिरीच्या निरोपाचा उल्लेख आहे. आणखी एकात तक्रार आहे की अधिकाऱ्यांचे शब्द लोकांचे हात गाळून टाकतात. यिर्मयावर सरदारांनी ठेवलेला आरोप अगदी हाच होता : हा सैनिकांचे हात गाळतो. त्यांनी त्याला दोरांनी एका हौदात सोडलं. पाणी नव्हतं, चिखल होता, तो त्यात रुतला. राजवाड्यात चाकरीला असलेल्या एबद-मलेख या कूशी माणसाने राजाकडून परवानगी काढली. भांडारातून जुनी फाटकी वस्त्रं घेतली, ती दोरांनी खाली सोडली आणि सांगितलं की ही काखेत धर, मग दोर लाव, म्हणजे काचणार नाही. राजे-सरदारांच्या त्या इतिहासात चिंध्यांचा विचार करणारा हा परदेशी नोकर लेखकाला नावानिशी नोंदवावासा वाटला.

इ.स.पू. ५८६ च्या उन्हाळ्यात तट फुटला. काही अभ्यासक आदलं वर्ष धरतात. महिन्याभरात मंदिर, राजवाडा आणि घरं जाळली गेली. त्या थरातली राख, जळलेलं लाकूड आणि बाणांची टोकं आजही खोदताना निघतात. अव महिन्याच्या नवव्या दिवशी जगभरचे यहुदी या नाशाचं सुतक पाळतात, उपास करतात आणि जमिनीवर बसून विलापगीतं वाचतात. परंपरा ती यिर्मयाची मानते. कोकणातले बेने इस्राएल हा उपास बिरडं खाऊन सोडत, म्हणून रायगडच्या गावांत त्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आले आहेत.

यिर्मयाची वाणी खरी ठरली. त्याला त्याचा आनंद झाल्याची एकही खूण ग्रंथात नाही. पण वाणी खरी ठरल्यामुळेच ती जपली गेली. त्या काळच्या जगात एखाद्या देवाचं देऊळ जळलं की तो देव हरला असं समजत. बाबेलच्या मर्दूकने यहूदाच्या देवाला हरवलं, असाच अर्थ निघत होता. कैदेत गेलेल्यांनी जुन्या गुंडाळ्या पुन्हा उघडल्या तेव्हा त्यांना दिसलं की आपल्याच देवाने हे आधी बजावलं होतं. अश्शूर, मवाब, अदोम यांचे देव कालांतराने विसरले गेले. हा राहिला, तो इशारा देणाऱ्यांमुळे.

मात्र खरी ठरलेली वाणी जपताना मूळ हेतू विसरू नये याची काळजी त्याच परंपरेतल्या कोणीतरी घेतली आणि योनाची गोष्ट लिहिली. मोठ्या माशामुळे ती मुलांची गोष्ट झाली आहे, पण तिचा गाभा मासा नाही. योना निनवेत जाऊन सांगतो की ४० दिवसांत हे शहर उलथेल. निनवे म्हणजे अश्शूरची राजधानी, शोमरोन बुडवणाऱ्यांचं शहर. तिथला राजा राखेत बसतो, माणसं आणि गुरं गोणपाट नेसतात आणि देव शिक्षा मागे घेतो. योना रागाने मरण मागतो. आपलं बोलणं खोटं पडलं, तेही शत्रूच्या भल्यासाठी. देव त्याला विचारतो की एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी गुरं असलेल्या या शहराची मी कीव करू नये का? गोष्ट त्या प्रश्नावरच थांबते. प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेत यहुदी हाच ग्रंथ वाचतात. कुराणातही पैगंबराला सावध करणारा म्हटलं आहे. नूह, हूद, सालेह, शुऐब यांच्या लोकांनी ऐकलं नाही असे दाखले तिथे पुन्हा पुन्हा येतात. शुऐबची तक्रार तर मापात मारण्याबद्दलच आहे. आणि वेळेवर विश्वास ठेवून शिक्षेतून सुटलेली वस्ती म्हणून तिथे एकाच समाजाचं नाव निघतं : युनूसचं, म्हणजे योनाचं.

इशारा संकटाआधी येतो आणि त्यात करण्यासारखं काहीतरी असतं. संकट येऊन गेल्यावर त्याला देवाची शिक्षा म्हणणं ही निराळी गोष्ट आहे आणि या दोहोंची गल्लत माणसांनी फार क्रूरपणे केली आहे. बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याच्या मेलेल्या मुलांबद्दल असंच बोलतात आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावर संतापतो. शिलोहचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती का, या प्रश्नाला येशूने नाही असं उत्तर दिलं. आपल्या देशात हा वाद सर्वांत उंचीवर झाला तो १९३४ साली. १५ जानेवारीला बिहारमध्ये भूकंप झाला, बिहार आणि नेपाळात मिळून दहा हजारांहून अधिक माणसं गेली. गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची देवाने केलेली शिक्षा आहे, असं त्यांनी तिरुनेलवेलीत सांगितलं. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. ती ‘हरिजन’मध्ये गांधींच्या उत्तरासह छापून आली. टागोरांचं म्हणणं होतं की निसर्गातल्या घटनांची कारणं निसर्गात असतात, आणि शिवाय असला युक्तिवाद गांधींच्या विरोधकांनाच जास्त शोभतो. त्यांनी उद्या याच भूकंपाचं खापर गांधींवर फोडलं तर उत्तर काय देणार?

गांधींनी पाप म्हणताना त्यात स्वतःला धरलं होतं, परक्याकडे बोट दाखवलं नव्हतं, आणि अस्पृश्यतेबद्दलचा त्यांचा संताप आमोसाच्या जातीचा होता. तरीही टागोरांचं बरोबर होतं. बिहारमधल्या मुंगेरच्या ढिगाऱ्याखाली गेलेल्या माणसाला वळायला वेळ मिळाला नव्हता.

टागोरांनी काढलेला प्रश्न यिर्मयाला त्याच्या म्हातारपणी प्रत्यक्ष विचारला गेला होता. यरुशलेम पडल्यावर त्याला बाबेलला सन्मानाने जाता येत होतं. तो उरलेल्या गरीब लोकांत राहिला, आणि ती माणसं मिसरात पळाली तेव्हा त्यालाही सोबत घेऊन गेली. तिथे त्याने त्यांना सुनावलं की तुम्ही परक्या देवतांना धूप जाळलात म्हणून हा नाश ओढवला. तेव्हा त्या निर्वासितांतल्या बायका आणि त्यांचे नवरे उलटून बोलले. आम्ही आकाशाच्या राणीला धूप दाखवत होतो, पोळ्या करून वाहत होतो, तोवर आम्हाला पोटभर अन्न होतं, कसलंही अरिष्ट नव्हतं. ते बंद केलं तेव्हापासून आमची वाताहत झाली, तलवारीने आणि उपासमारीने आम्ही मेलो. इतिहास त्यांच्या बाजूने मांडता येत होता. योशीया राजाने इ.स.पू. ६२२ मध्ये या सगळ्या पूजा मोडून काढल्या होत्या. तेरा वर्षांनी तो मगिद्दोला मिसरी सैन्याच्या हातून मेला आणि तिथून राज्याची घसरण थांबली नाही. यिर्मयाने आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं, आणि कोणाचा शब्द टिकतो ते दिसेलच, असं म्हणाला. त्या बायकांना ते पटल्याची नोंद नाही. त्याचा ग्रंथ जपणाऱ्यांनी त्यांचं उत्तर मात्र न गाळता त्यात ठेवलं आहे.